तेरा ओळी

३ जून

प्रिय मामा,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ते तू मान्यही करत नाहीस, म्हणून कागद-पेन घेऊन बसले.

बातमी अशी, की आपल्या शहरातल्या शाळांसाठी सहावी ते आठवीचा इतिहासाचा नवा अभ्यासक्रम ठरवायचाय आणि त्या समितीचं लोढणं माझ्या गळ्यात आलंय. अध्यक्ष मी! हसू नकोस. तीन वर्षं तुझ्या घरी राहून, तुझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर नखं खात बसलेली भाची आता इतिहास कापायला घेणार आहे. कापायलाच म्हणते, कारण आठवड्याला तासिका दोन. त्यातून सुट्ट्या, परीक्षा आणि खेळाच्या स्पर्धा गेल्या की वर्षाला हातात उरतात बावन्न. माणूस गुहेतून बाहेर पडला तिथपासून आज सकाळपर्यंतचं सगळं तेवढ्यात बसवायचं.

समितीत आम्ही चौघं. एक निवृत्त शिक्षणाधिकारी, त्यांना मी मनातल्या मनात 'तारीखवाले' म्हणते. ज्या मुलाला सनावळी पाठ नाही त्याला जेवायला वाढू नये, अशा मताचे. एक प्राध्यापिका, फार हुशार, पण त्यांचं वाक्य संपेपर्यंत समोरचा चहा निवतो. आणि एक मुख्याध्यापक. ते 'माझं काही म्हणणं नाही' एवढंच म्हणतात, पण दहा मिनिटं म्हणतात.

सुरुवात म्हणून मी तीन शाळांतल्या आठवी संपवलेल्या मुलांना एकच प्रश्न दिला: तीन वर्षांच्या इतिहासातलं काय आठवतं? एकशे बारा कागद आले. लढाया, तह, कायदे असं सगळं मिळून पंधरा. उरलेल्या सत्त्याण्णव पोरांनी एकच गोष्ट लिहिली. ओळख पाहू! घंटावाली! तू लिहिलेल्या 'आपलं शहर' या पुस्तिकेतली, महापुराच्या दुपारी मनोऱ्यावर चढून खालची आळी रिकामी होईपर्यंत घंटा वाजवणारी पहारेकऱ्याची बायको. पुस्तिका छापून एकोणतीस वर्षं झाली. मी ओळी मोजल्या, अवघ्या तेरा. एवढ्या ओळींची बाई सगळ्या राजांना पुरून उरलीय.

म्हणून ठरवलंय, सहावीचा पहिला घटक तिचाच. आठ तासिका. मसुदा वीस जुलैला छपाईला जायचाय. मला तुझा सल्ला हवाय आणि तिची माहिती तुला कुठून मिळाली तेही हवंय. पोरांनी तुला 'पुरावा सर' हे नाव उगाच ठेवलं नव्हतं. वर्गात कुणी सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी तू 'पुरावा काय?' म्हणून विचारायचास. तुझ्याकडे टिपणांची वही असणारच.

मामीला सांग, तिच्या हातचा मार अजून आठवतो.

तुझी भाची


१० जून

चिरंजीव चौकशे,

लहानपणी प्रश्न विचारून विचारून तू माझं डोकं उठवायचीस म्हणून हे नाव ठेवलं होतं. ते अजून शोभतंय. अध्यक्षपदाबद्दल अभिनंदन. आणि मला उत्तम ऐकू येतं, लोक हल्ली पुटपुटतात.

आता सल्ला. सगळ्यात आधी क्रम उलटा कर. सहावीच्या मुलाला त्याचे आजोबा म्हणजेच प्राचीन काळ. त्याला एकदम गुहेत नेऊन सोडलंस तर तो तिथेच झोपेल. बाकापासून सुरुवात कर. हे बाक शाळेत कधी आलं, त्याआधी मुलं कशावर बसायची, शाळा नव्हती तेव्हा या जागेवर काय होतं, असं एकेक पाऊल मागे ने. सातवीत नकाशे दे, भरपूर दे, हातानं काढू दे. आठवीत भांडणं दे. एकाच घटनेचे दोन वृत्तांत, एकमेकांना खोटं पाडणारे. त्या वयात पोरं तशीही भांडतच असतात, निदान कामाचं भांडतील. तारीखवाल्यांना म्हणावं, इयत्तेला दहा तारखा तुमच्या, अकरावी मागू नका.

घंटावालीचं म्हणशील, तर तिला आता विश्रांती दे. जुना पाठ, जुनी भाषा. तिच्या आठ तासिका नकाशांना दिल्यास तर जास्त बरं. टिपणांच्या वह्या घर बदलताना कुठे गेल्या देव जाणे.

मामा

ता. क. (मामीकडून) मार आठवतो म्हणे! एकदाच दिला होता, तोही हळू. तुझं पत्र आल्यापासून हे विचारात असतात. काल चष्मा लावून चष्मा शोधत होते. अभ्यासक्रम फार अवघड आहे का गं?


१८ जून

प्रिय मामा,

तुझा उलटा क्रम समितीनं उचलून धरला! प्राध्यापिकाबाईंनी चक्क छोटं वाक्य उच्चारलं: 'हे सुंदर आहे.' तारीखवाल्यांशी घासाघीस करून बारा तारखांवर तह झाला.

पण घंटावालीला विश्रांती? मामा, विनयाचीही काही हद्द असते. समिती एकमतानं काही ठरवते ते फक्त तिच्याबद्दल. नगरपालिकेनं मुलांना मनोऱ्यावर चढायची परवानगी दिलीय. मी परवा मुद्दाम चौकात जाऊन पुतळा पाहून आले. डाव्या हातात घंटेचा दोर, पदर खोचलेला, चेहऱ्यावर 'उठता की नाही?' असा भाव. अनावरणाला तूच प्रमुख पाहुणा होतास, मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या पिटल्या होत्या.

गंमत पुढेच आहे. प्राध्यापिकाबाई नगरपालिकेच्या दप्तरखान्यात जाऊन महापुराची नोंदवही पाहून आल्या. पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं, किती होड्या लावल्या, कुणाच्या किती शेळ्या वाहून गेल्या, सगळं आहे. घंटावालीचा मात्र एका अक्षरानं उल्लेख नाही. बाईंना इतका आनंद झाला म्हणून सांगू! शेळ्या मोजल्या आणि बाईला वगळलं, म्हणून त्या तावातावानं एका परिषदेत निबंध वाचणार आहेत. नाव ठरलंय, 'दप्तरानं पुसलेली स्त्री'.

तेव्हा आता तुझा आधार फारच मोलाचा. वही नसेल तर निदान आठवून सांग. कुणी सांगितलं होतं तुला?

तुझी भाची


२५ जून

चि. चौकशे,

डोळे चुरचुरताहेत, थोडक्यात लिहितो. खूप वर्षं झाली. जुन्या लोकांकडून ऐकलं असावं. त्या बाईंना म्हणावं, निबंधाची घाई करू नका.

मामा

ता. क. (मामीकडून) डोळ्यांना काही झालेलं नाही. दोन दिवस माळ्यावरची ट्रंक काढून जुनी छापील पानं उचकताहेत. मी विचारलं काय हवंय, तर म्हणाले, 'काही नकोय, तेच बघतोय.' आता याचा अर्थ तूच लाव.


२ जुलै

प्रिय मामा,

'जुन्या लोकांकडून'! एवढं एक वाक्य दिलंस आणि माझं काम झालं. मी लगेच खालच्या आळीत जाऊन जुनी माणसं शोधली. पुराला अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली, तरी तीन जण भेटले.

एक सुतारआजोबा, तेव्हा सहा वर्षांचे होते. म्हणाले, 'घंटा? अजून कानात वाजतेय पोरी. आईनं मला बखोटीला धरून बाहेर काढलं ते घंटा ऐकूनच.' एका आजींनी घंटावालीला समोरून पाहिलंय. म्हणाल्या, 'उंच होती. बोलायला फटकळ, पण मनानं चांगली.' तिसऱ्या आजोबांची तर ती लांबची मावशीच निघाली!

या साक्षी मी घटकात घेतल्या. आठातल्या तीन तासिका 'ऐकीव इतिहास कसा जमवावा' यासाठी ठेवल्या. पहिल्या पानावर ओळ येणार: 'या घटनेचा मौखिक आधार सर्वप्रथम पुरावा सरांनी जमवला.' मसुदा छापून झाला, की पुतळ्यापाशी तुझा सत्कार करायचं ठरलंय. मामीला घेऊन ये. नाही म्हणायचं नाही.

तुझी भाची


९ जुलै

प्रिय भाचीबाई,

आज मीच लिहिते, कारण यांनी तुला लिहायला घेतलेली तीन पत्रं फाडून टाकली. जेवण अर्ध्यावर टाकतात. फिरायला म्हणून निघतात आणि कोपऱ्यावरून परत येतात. सत्काराचं वाचलं तेव्हा चेहरा असा केला, जणू जप्तीची नोटीस आलीय.

परवा मी खिडकी पुसत होते. तुला माहीत आहे, माझं सगळं डाव्या हातानं. तर हे टक लावून बघत बसले आणि म्हणाले, 'चूक झाली.' लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाल्यावर हे सुचलं का, म्हणून मी फडकं आपटलं, तर म्हणाले, 'तुझ्याबद्दल नाही गं.' मग कुणाबद्दल, तर उठून फिरायला निघाले.

तू यांना नेमकं काय विचारलंयस? आणि ते जे काही आहे ते सोडून देता येण्यासारखं असेल तर सोड. माणूस वाळत चाललाय.

मामी


१२ जुलै

चि. चौकशे,

चौथं पत्र. हे फाडणार नाही.

घंटावाली नव्हती. कधीच नव्हती. ती मी केली.

मी तेव्हा तुमच्या शहरात बदलून येऊन सहा महिने झाले होते. पुस्तिकेचं शेवटचं पान यंत्रावर चढायचं होतं. त्यावर खाली मनोऱ्याचं चित्र होतं, त्याचा ठसा ऐन वेळी तडकला. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे जुळारी हात पुसत माझ्याकडे आले आणि म्हणाले, 'सर, पान भुंडं दिसतंय. तेरा ओळी द्या. जास्त नको, कमी नको.' यंत्र थांबलेलं, माणसं खोळंबलेली. वर पुराचा मजकूर होता आणि तडकलेल्या ठशात मनोरा. मी दोन्ही जोडले आणि मध्ये एक बाई उभी केली. तेरावी ओळ बरोबर काठावर बसली. जुळारी म्हणाले, 'वा सर!' आणि खरं सांगू? मलाही वाटलं, वा सर.

दुसऱ्या आवृत्तीत काढून टाकू म्हटलं. तोवर एका शाळेनं तिचं नाटक बसवलं. मग चौकाला तिचं नाव दिलं. मग पुतळा. मी प्रमुख पाहुणा म्हणून हार घालून घेतला, वीस मिनिटं बोललो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन पोरांना 'पुरावा काय?' म्हणून दटावलं. एकोणतीस वर्षं हे दोन्ही मी एकाच तोंडानं केलं.

तुझ्या त्या तीन साक्षीदारांचं वाचून मला घाम फुटला. ते खोटं बोलत नाहीत, त्यांनी माझं पुस्तक ऐकलंय.

माझं नाव गेलं तर जाऊ दे, असं लिहायचं मनात होतं. पण हात उठत नाही. मला माझं नाव हवंय गं. आयुष्यभरात तेवढंच कमावलं. तासिका पुरत नाहीत असं सांगून तो घटक गुपचूप गाळता येईल. गाळशील का?

तुझ्या मामीला यातलं काही माहीत नाही.

मामा


१५ जुलै

मामा,

पत्र शाळेत मिळालं. शिक्षक खोलीत वाचलं, मग नकाशांच्या खोलीत जाऊन दार लावून रडले. नंतर हसू आलं, मग पुन्हा रडू आलं.

तुला माहीत नाही, म्हणून सांगते. त्या पुस्तिकेची पहिली प्रत तू मला दिली होतीस. मी अकरा वर्षांची होते. त्या तेरा ओळी वाचून मी ठरवलं, की मोठेपणी इतिहास शिकवायचा. तेव्हा रागावण्याचा हक्क माझाही आहे आणि मी रागावलेय.

घटक गुपचूप गाळणार नाही. मी तुझ्याच वर्गात बसलेय, मला ते जमणार नाही. पण तुझ्या परवानगीशिवाय तुझं नावही घेणार नाही. एकोणीसला बैठक आहे. तुझं पत्र जसंच्या तसं समितीला वाचून दाखवू का? नाही म्हणालास, तर एवढंच सांगेन की आधार सापडत नाही आणि मसुदा थांबवा. बाईंचा निबंध तेवढ्यानं थांबेल का, सांगता येत नाही.

आणि एक विचारते. तेरा ओळींत तिनं दोर 'डाव्या हातानं' ओढल्याचं लिहिलंयस. पान भरायला एवढा तपशील लागत नाही.

भाची


१७ जुलै

चि. चौकशे,

वाच. सगळं वाच. 'वा सर' तेसुद्धा.

डावा हात कुणाचा ते तुला ठाऊक आहे. उंचीही तिचीच, फटकळपणाही तिचाच. घाईत दुसरी बाई कुठून आणणार? तिला कळू देऊ नकोस. पाकीट चिकटवून देतोय, कारण टपालात टाकायला तीच जाते.

मामा


२८ ऑगस्ट

प्रिय मामा,

सव्वा महिना गप्प राहिले, कारण अर्धवट काही सांगायचं नव्हतं. आता ऐक.

बैठकीत पत्र वाचलं. मुख्याध्यापक म्हणाले, 'माझं म्हणणं आहे.' आम्ही तिघं दचकलोच. म्हणाले, 'घटक ठेवा. मुलांनाच शोधू द्या.' आणि दोन मिनिटांत खाली बसले. प्राध्यापिकाबाईंनी निबंध फाडला, मग त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नव्याची टिपणं काढायला घेतली. छपाई पुढे ढकलली आणि सहावीच्या एका वर्गावर मी घटक शिकवून पाहिला. तुझ्या तेरा ओळी, पुराची नोंदवही आणि तीन साक्षी एवढं मुलांना दिलं. तुझं पत्र बंद पाकिटात, आठव्या तासिकेला उघडायचं.

आठव्या तासिकेपर्यंत थांबावंच लागलं नाही. तिसऱ्या तासिकेला मुलांना मनोऱ्याचं चित्र काढायला चौकात नेलं. सगळ्यांनी वरची घंटा काढली. एका मुलीनं खालून सुरुवात केली. पायाचा दगड काढला, त्यावरची अक्षरंसुद्धा काढली. चौथ्या तासिकेला तिनं वजाबाकी करून हात वर केला: 'बाई, मनोरा पुरानंतर नऊ वर्षांनी बांधलाय. मग घंटा टांगायच्या आधीच वाजली का?'

मामा, तो दगड पुतळ्यापासून चार पावलांवर आहे! तू त्याच्याशेजारी उभा राहून वीस मिनिटं बोललास. तारीखवाले रोज सकाळी त्याला वळसा घालून फिरायला जातात. मी तर अध्यक्षच. एकानंही खाली पाहिलं नाही. तारीखवाल्यांना सांगितलं, तर ते तडक चौकात गेले, वाकून तारीख वाचली आणि परत येऊन म्हणाले, 'माझी एक तारीख कमी करा.'

सुतारआजोबांना पुन्हा विचारलं. म्हणाले, 'मनोरा? तो तर आमच्यासमोर उभा राहिला. पंधरा वर्षांचा होतो, विटा मी वाहिल्या.' मग घंटा, आजोबा? तर म्हणाले, 'ऐकली होती गं.' मुलांनी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहून ठेवली आणि त्यांना काही बोलली नाहीत. ते मी शिकवलं नव्हतं.

शेवटी पाकीट उघडून तुझं पत्र वाचलं. एक मुलगा म्हणाला, 'सरांनी खोटं लिहिलं.' मागून एक मुलगी म्हणाली, 'पण खरंही त्यांनीच लिहिलं.' मग पोरं तुटून पडली एकमेकांवर. आठवीसाठी ठेवलेलं भांडण सहावीतच झालं. गृहपाठ दिला: घंटावाली पुस्तकात राहावी का, तेरा ओळींत लिहा. एक्केचाळीस उत्तरं सोबत पाठवतेय. एकोणचाळीस जणांना ती हवीय. एकानं लिहिलंय, 'राहावी, पण खाली लिहावं, ही बाई पुरावा सरांनी केली आणि पुरावा आम्ही काढला.' ते वाक्य मी मसुद्यात उचललंय. सध्या ही पोरं वरांड्यात एकमेकांना 'पुरावा काय?' विचारत हिंडतात. शिपाईमामांनी घंटा दिली तरी विचारतात. तुझं नाव कुठेही गेलेलं नाही, मामा.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र वर्गाला सापडलं नाही. तिनं दोर डाव्या हातानं का ओढला? ते मी तुझ्यावर सोपवते.

तुझी भाची


४ सप्टेंबर

प्रिय भाचीबाई,

हे डोळे तपासायला गेले होते, तेव्हा पाकीट मी उघडलं. जाडजूड होतं, वाटलं तू शेवटी सत्काराचे फोटो धाडलेस.

एक्केचाळीस उत्तरं वाचली. मग तुझं पत्र वाचलं. मग ट्रंकेतून ती पुस्तिका काढून तेरा ओळी पहिल्यांदा नीट वाचल्या. 'उंच, बोलण्यात फटकळ, डाव्या हातानं दोर ओढणारी.' त्या पुतळ्यासमोरून मी बारा वर्षं भाजी आणायला गेले गं! एकदा मैत्रीण म्हणालीसुद्धा, 'ही तुझ्यासारखी रागावलेली दिसते.' मी तिच्यावरच रागावले.

हे आल्यावर मी पुस्तिका पुढे ठेवली. पळून जाण्यासारखा चेहरा झाला होता. मी म्हटलं, 'त्रेचाळीस वर्षांत तुम्ही माझ्यावर एक ओळ लिहिली नाही, ही माझी तक्रार होती. तेरा लिहिल्यात आणि सांगितलं नाहीत?' मग माणसानं दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवण केलं. मी जरा रडले, ते तुला म्हणून सांगते.

आता वर्गाला माझी साक्ष कळव. पूर आला होता. मनोरा नव्हता. घंटा नव्हती. बाई होती. पुस्तिका छापली त्या दिवशी ती घरी ताटं वाढून बसली होती, कारण तिचा नवरा 'अर्ध्या तासात येतो' म्हणून छापखान्यात गेला होता आणि तीन तासांनी हसत हसत परत आला. का हसताय विचारलं, तर म्हणाला, 'काही नाही, एक पान भरलं.' तिनं डाव्या हातानं त्याच्या पुढ्यात ताट आपटलं. मुलांना म्हणावं, पुरावा हवा तर येऊन बघा, ताटाला अजून पोचा आहे.

मामी

ता. क. (मामाकडून) वरची साक्ष तपासली. ताट पाहिलं. बरोबर आहे.